तांब्यात मावणारे सर

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, २१ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप तात्यांस,

देवदत्तचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. सहा वर्षं एका खुर्चीत बसून कंबर अशी झाली आहे की खाली गेलो तर उठवायला माणूस लागतो.) तुमचा रक्तदाब खाली आणि कारखान्याचा साखर उतारा वर असावा, अशी आशा आहे, उलट झालं की घरात काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांच्या तिळाच्या वड्या पोचल्या. चव उत्तम. पहिली वडी आमच्या शिपायाने दाराच्या फटीत धरून फोडली, बाकीच्या हळूहळू चघळतो आहे. चि. भार्गवी माझ्याशी अजून बोलत नाही असं कळलं. भाऊबीजेला ती ताट घेऊन संध्याकाळपर्यंत थांबली आणि मी फलटणला पोचलोच नाही, हे खरं आहे. तिला सांगा, त्या दिवसाने माझंही काही भलं केलं नाही.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. शेतकी ऑफिसात क्लार्कची जागा रिकामी झाली आहे, चेअरमनसाहेबांच्या कानावर तुम्ही माझं नाव घातलं आहे आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे, हे समजलं. त्याखाली तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. तू तिथे नेमकं काय करतोस, ते कधी संपणार, आणि संपल्यावर त्याचा कोणाला काय उपयोग. तात्या, सहा वर्षांत हे प्रश्न विद्यापीठानेही मला विचारले नाहीत. विद्यापीठ फक्त तारीख विचारतं. एकतीस मार्चला माझ्या नोंदणीची मुदत संपते. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरांच्या सहीचा प्रबंध टेबलावर पडला नाही तर सहा वर्षं रद्द. प्रबंधाची पाच प्रकरणं तयार आहेत. सहावं एका गणितावर अडलं आहे. ते का अडलं हे ऐकलंत की तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतील, म्हणून सविस्तर लिहितो. चष्मा पुसून घ्यावा.

आमच्या गटाचं नाव दारावरच्या पाटीत मावत नाही. ‘क्वांटम पदार्थ संगणकीय अभ्यास’ एवढं रंगवून झाल्यावर पाटी संपली, म्हणून पेंटरने ‘गट’ हा शब्द खाली भिंतीवर काढला. काही पदार्थ असे असतात की ते पुरेसे थंड केले की त्यांतून वीज कुठेही न अडखळता वाहते. काही एकाएकी चुंबक होतात. हे सगळं त्यांच्या पोटातले इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात त्यावर ठरतं. जगात काही लोक असे पदार्थ भट्टीत भाजून तयार करतात. ते आम्ही नव्हे. काही लोक त्यांवर किरण सोडून मोजमाप करतात. तेही आम्ही नव्हे. कोणी तो पदार्थ केलाच तर तो कसा वागेल, एवढंच आम्ही कॉम्प्युटरला विचारतो. मुलगी न बघता नुसत्या पत्रिकेवरून तिचे गुणदोष सांगणारे असतात ना, तसे आम्ही. फरक इतकाच की त्यांना निदान मुलगी कुठल्यातरी घरात आहे याची खात्री असते. ज्या पदार्थावर मी चार रिमं कागद काळे केले, त्याचा एक कण मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. खालच्या मजल्यावर रसायनवाल्यांची बोटं भाजतात. आमच्या गटात सहा वर्षांत झालेली एकमेव इजा म्हणजे सर्दी.

सर्दीचं कारण कॉम्प्युटरची खोली. यंत्राला उष्मा सोसत नाही म्हणून तिला एसी आहे, आणि संबंध इमारतीत एसी तिथेच आहे, म्हणून आमचे गटप्रमुख डॉ. नेर्लेकर सर दुपारी दोन ते चार तिथे चिंतन करतात. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या. हा नियम पहिल्या वर्षी नियम होता, दुसऱ्या वर्षी सोवळं झाला. आता लोक उंबऱ्याला हात लावून आत येतात. दारावर जोतीराम असतो. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला माणूस आहे, आणि आत कोण गेलं, कधी गेलं, याची नोंद ठेवायचं काम सरांनी त्याला दिलं आहे. जोतीराम माणसांची नावं लिहीत नाही. माणूस खोटं नाव सांगू शकतो, चप्पल सांगू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे वहीत ‘एक काळा बूट, टाच झिजलेली’ (सर), ‘एक लेडीज सँडल, बक्कल पितळी’ (राजनंदिनी) आणि ‘एक कोल्हापुरी, अंगठा तारेने बांधलेला’ (तुमचा पुतण्या) अशा नोंदी आहेत. राजनंदिनी म्हणजे आमची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. पलूसची, घरचा ऊस, वडील सुभेदार. सर, मी, ती आणि दारावर जोतीराम. एवढाच आमचा गट.

सरांविषयी काय लिहू? माणूस विद्वान आहे, यात वाद नाही. त्यांनी स्वतः एकदा एक समीकरण सोडवलं होतं, त्याला आता वीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून ते दिशा देतात. की-बोर्डला हात लावत नाहीत. खंडेनवमीला मात्र लावला. गेल्या ऑक्टोबरात सरांच्या मनात आलं की सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर पुजतो, मग आपण आपल्या हत्याराची पूजा का करू नये? झेंडूची माळ आली, नारळ आला. सरांनी मॉनिटरला गंध लावलं, की-बोर्डवर अक्षता टाकल्या, आणि कुंकवाची चिमूट नेमकी फ्लॉपी घालायच्या फटीत सोडली. (मी म्हणालो, सर, ती फट आहे. सर म्हणाले, देवाला सगळीकडून पोचतं.) पोचलं. त्यानंतर त्या फटीत गेलेली प्रत्येक फ्लॉपी लाल होऊन आणि रिकामी होऊन बाहेर आली. त्यांत आमच्या पदार्थाच्या मापांची फ्लॉपी होती. कुठला अणू कुठे बसतो, दोन अणूंमध्ये अंतर किती, असे सगळे आकडे. परिणामी हे आकडे परदेशी मासिकातून पाहून पुन्हा हाताने भरावे लागले. आमच्यापैकी कोणीतरी ते दिवाळीत भरले. ते कोणी भरले या भानगडीत आत्ता जात नाही. पुढे चला.

गणित सुरू झालं. सव्वीस दिवसांचं गणित आहे, तात्या. आणि मध्येच वीज गेली की ते जिथे असेल तिथे थांबत नाही, पहिल्या पायरीवर जाऊन पडतं. सापशिडीचा असा डाव की प्रत्येक सापाचं शेपूट एकावर. बॅटऱ्या आहेत, त्या वीस मिनिटं टिकतात. वीज जाते चाळीस मिनिटं. पहिल्या वेळी नवव्या दिवशी पडलो. दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी, कारण सरांनी ताक गार राहावं म्हणून छोटा फ्रीज त्याच बॅटरीवर लावला होता. तिसऱ्या वेळी जोतीरामने दारावर पाटी लावली, ‘आत गणित चालू आहे. दार आपटू नये, जोरात शिंकू नये. हुकमावरून.’ कोणाच्या हुकमावरून, हे विचारायची प्राज्ञा कोणाची नव्हती. वीज मंडळाचीही नसावी, कारण सव्वीस दिवस ती वीस मिनिटांपेक्षा जास्त एकदाही गेली नाही. दोन जानेवारीला उत्तर आलं.

उत्तर असं होतं की असले पदार्थ आजवर हाडं गोठवणाऱ्या थंडीतच कामाला येतात, आमचा मात्र सांगलीच्या मे महिन्यातही येईल. विजेच्या तारा याच्या केल्या तर वाटेत वीज वाया जाणार नाही. जगात खळबळ उडवणारी गोष्ट. अशा वेळी शहाणी माणसं ते गणित आणखी एकदा करून बघतात. सरांनी ते प्रथम घरी सांगितलं, मग केस कापून घेताना कटिंगवाल्याला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी आप्पासोंना. (मला सविस्तर हकीकत कटिंगवाल्याकडून कळली.)

आप्पासो हे मार्केट यार्डातले हळदीचे अडते आणि नागरी सत्कार समितीचे कायमचे अध्यक्ष. शोध कसला, हे त्यांनी विचारलं नाही. सांगलीतला पहिलाच का, एवढं विचारलं आणि बारा तारखेचा हॉल धरला. त्यांची सत्काराची पद्धत एकच, तुला. पैलवानाची खारीकतुला झाली, मुख्याध्यापकांची वहीतुला झाली, गेल्या वर्षी एका खिलार बैलाची पेंडतुला झाली. सरांची हळदतुला ठरली. बॅनर लागला, त्यावर सरांचा फोटो आणि मागे कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या कपाळावर अजून ते खंडेनवमीचं गंध.

रविवारी हॉल भरला. स्टेजच्या मधोमध यार्डातला मोठा तराजू उभा केलेला, साखळदंडांचा. सरांना फेटा बांधला, शाल दिली, आणि मग आप्पासोंनी दोन्ही काढून घेतली. काट्यावर खोटं चालत नाही, फेट्याचं वजन म्हणजे समितीचं नुकसान, असं ते माइकवर म्हणाले. सर पारड्यात मांडी घालून बसले. समोरच्या पारड्यात हळकुंडं पडू लागली. बाजूला मी आणि राजनंदिनी हार धरून उभे, खाली पहिल्या रांगेत जोतीराम पदकं लावून. चौसष्ट किलोला काटा सरळ झाला. टाळ्या झाल्या. इतक्यावर भागलं असतं, पण आप्पासोंना तुलेच्या वेळी चार शब्द बोलायची सवय आहे. ते म्हणाले, “सर, पुढल्या टायमाला हळद नको. तुमच्याच मालानं तुला करू. किती लागंल वो तुमचा माल?”

सर पारड्यातूनच हसले आणि त्यांनी राजनंदिनीकडे बोट केलं. (दिशा दिली.) मुलगी हुशार आहे, आकडेमोड हातावर असते. हार माझ्या गळ्यात टाकून तिने पर्समधून कॅल्क्युलेटर काढला आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. अणू पदार्थात सारख्या घरांत मांडलेले असतात, तर एका घरात किती अणू, घर केवढं, अणूचं वजन किती, म्हणजे लिटरला किती किलो. पाच मिनिटांचं काम. तिने ते केलं, थांबली, खोडलं, पुन्हा केलं. मग माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं, कोण जाणे. आप्पासोंनी माइक तिच्या तोंडापुढे धरलाच होता.

“दीड लिटरसुद्धा नाही,” ती हळूच म्हणाली. “एक मोठा तांब्या.”

आप्पासोंनी आयुष्य काट्यावर घालवलं आहे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “ताई, चुकतीयास. सोनं भरलं तरी तीन लिटरच्या वर लागंल की गं. माझ्या सासऱ्याची पेढी हाय. सोन्यापरीस जड काय असतंय व्हय?”

तात्या, त्या क्षणी स्टेजवर तीन माणसांना कळलं की काय झालं आहे. लिटरला सत्तेचाळीस किलो. ज्यात तांबं आहे, लँथॅनम नावाचा एक धातू आहे आणि उरलेला नुसता ऑक्सिजन आहे, अशी वस्तू सोन्याच्या अडीचपट जड. असं या भूतलावर काही नाही. सर पारड्यात होते, त्यामुळे त्यांना उठून जाताही येईना. ते उठले असते तर हळद धाडकन खाली आली असती. पण हॉलला जे कळलं ते वेगळंच. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की साखळदंड हलले. सोन्याहून जड! सांगलीत! मागून कोणीतरी शिट्टी मारली. आप्पासोंनीही हिशेब सोडून सरांच्या गळ्यात दुसरा हार घातला (तेवढ्याने पारडं खाली गेलं आणि समितीला आणखी दोन मुठी हळद टाकावी लागली). दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘सोन्याहून जड पदार्थाचा सांगलीत शोध’ असा मथळा. मंगळवारी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, दोन सराफ आमच्या गटाच्या दारात येऊन गेले, तिळगूळ घेऊन.

चूक शोधायला वेळ लागला नाही. पहिल्याच ओळीत होती. अणूंची अंतरं मोजायची दोन मापं आहेत. मासिकवाले एक वापरतात, आमचा प्रोग्रॅम दुसरं वापरतो, आणि ते पहिल्याच्या साधारण निम्मं आहे. आकडा बदलून भरायचा असतो. कोणीतरी तो तसाच भरला. म्हणजे गिऱ्हाइकाने छाती अडतीस इंच सांगितली आणि शिंप्याने अडतीस सेंटिमीटरचा शर्ट शिवला. वडापच्या जीपमध्ये विट्यापर्यंत जशी माणसं बसतात, तसे आमचे अणू सव्वीस दिवस एकमेकांच्या मांडीवर बसले होते, आणि त्या कोंडमाऱ्यात ते जे काही बरळले त्याला आम्ही शोध म्हणून बसलो. सव्वीस दिवस यंत्र चाललं, पदव्या मिळवलेली आम्ही तीन माणसं, आणि पाच मिनिटांचं वजन कोणी काढून पाहिलं नाही. ते विचारायला हळदीचा अडत्या लागला.

आता आमच्या गटाची खरी थोरवी ऐका. चूक सापडली हे सरांना सांगितलं तेव्हा ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, खचले. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले की यात चूक काहीच नाही, फक्त लेखाचं नाव बदला: ‘अतिउच्च दाबाखाली पदार्थाचे वर्तन’. राजनंदिनी म्हणाली, “सर, एवढा दाब पृथ्वीच्या पोटातसुद्धा नाही.” सर म्हणाले, पृथ्वीचं पोट ही आपली मर्यादा नव्हे. तेव्हापासून यंत्र त्या नव्या नावाच्या लेखासाठी राबतं आहे. माझं सहावं प्रकरण, म्हणजे योग्य मापं घालून तेच गणित, रांगेत उभं. शिवाय चूक विद्यार्थ्याची आहे हे कागदावर यावं म्हणून सरांनी राजनंदिनीकडे लेखी खुलासा मागितला. आकडा स्टेजवर तिने सांगितला ना, मग भरलाही तिनेच असणार, हे सरांचं तर्कशास्त्र. खुलासा समाधानकारक नसेल तर नोंदणी रद्द. तिने तो निमूट लिहून दिला. आमच्या गटातलं कोणीच काही बोललं नाही. आमच्या गटात बोलायची पद्धत नाही, दिशा घ्यायची पद्धत आहे. आणि या सगळ्याच्या वर, हळदीला कोरडी जागा दुसरी नाही म्हणून ती चौसष्ट किलो दोन पोत्यांतून कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवली आहे. एसी आता हळदीचा वास चारही दिशांना नेतो. की-बोर्ड पिवळा झाला आहे. मी शिंकलो तरी रुमालावर लग्नघर दिसतं.

तर तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. काय करतो? न पाहिलेल्या वस्तूचं न काढलेलं वजन. कधी संपणार? वीज मंडळ आणि सरांचं ताक ठरवील तेव्हा. उपयोग? आप्पासोंना सत्काराला माणूस मिळाला. तुमच्या कारखान्यात उसाची बैलगाडी आली तर ती आधी काट्यावर चढते, मग पुढचं बोलणं. अशा ठिकाणी अक्कल असलेली माणसं राहत असावीत. तुम्ही मला सहा वर्षं हेच सांगत होता आणि मी तुम्हाला विज्ञानाची गोष्ट सांगत होतो. आता माझी खात्री पटली. जागेचं बघावं. मी बॅग भरून तयार आहे.

सौ. काकूंना नमस्कार, भार्गवीला (बोलत नसली तरी) आशीर्वाद. तब्येतीला जपावं, मिठाचा हात आखडता ठेवावा.

तुमचा,
देवदत्त

ता. क. जागेचं बघावं असं वर लिहिलं ते शेतकी ऑफिसातल्या जागेबद्दल नसून चेअरमनसाहेबांच्या केबिनमधल्या जागेबद्दल आहे. गणपतीत आलो होतो तेव्हा तिथे कोपऱ्यात नवाकोरा पेंटियम कॉम्प्युटर पाहिला, त्यावर काकूंनी विणलेला मोरांचा रुमाल घातलेला होता. तो अजून कोणी सुरू केलेला नाही असं तुम्हीच म्हणाला होता. गाळप चालू असेपर्यंत कारखान्याची वीज कारखान्याचीच. चिपाडं जळताहेत तोवर ती जायची नाही. मला ते यंत्र एकवीस दिवस हवं आहे. (सव्वीस नव्हे. तुमचं यंत्र आमच्याहून नवं आहे.) एक फेब्रुवारीला सुरू केलं तर एकवीसला उत्तर, मार्चभर लेखन, एकतीसला टेबलावर. कुंकवाचा ड्राइव्ह डिसेंबरात दुरुस्त झाला आहे, प्रोग्रॅम अकरा फ्लॉप्यांवर घेऊन येतो.

ता. क. २. चेअरमनसाहेबांना काही अडचण होणार नाही. यंत्र नुसतं चालू राहील, पडद्यावर अधूनमधून एक ओळ सरकेल. बंद मात्र करू देऊ नये आणि रुमाल एकवीस दिवस काढून ठेवावा, त्याला श्वास लागतो. चपला काढायची गरज नाही. साहेबांना काढाव्याशा वाटल्याच तर अडवू नये. पूजा करू देऊ नये.

ता. क. ३. दिवाळीत आकडे भरणारं ‘कोणीतरी’ मी. भाऊबीजेच्या सकाळी भरले, फलटणची एसटी गाठायची म्हणून वीस मिनिटांत, आणि तरी एसटी गेलीच. राजनंदिनी त्या दिवशी पलूसला भावांना ओवाळत होती. स्टेजवर तिने माझ्याकडे पाहिलं ते उगीच नव्हतं. माझ्याकडे आठवडा होता आणि तो मी न बोलता घालवला. परवा जोतीराम वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि बोट ठेवून म्हणाला, “आवं सायेब, त्या दिशी ताईंची सँडल न्हवती. तारंची कोल्हापुरी हुती. एकलीच.” आणि सॅल्यूट ठोकून गेला. काल मी सरांना सांगितलं. सरांनी राजनंदिनीचा खुलासा तिथल्या तिथे फाडला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “खरं उत्तर आणा, सही करतो. माझ्या मशीनवर नाही. चपला घाला.” माणूस मी वर लिहिला आहे तितका वाईट नाही. वरचं खोडत नाही, पान पुन्हा लिहावं लागेल.

ता. क. ४. शेतकी ऑफिसातली जागा नको. गणित जमलं तर वेळ नाही, आणि नाही जमलं तर उसाच्या वजनाजवळ मला बसवू नये, यात कारखान्याचं हित आहे. पण हे साहेबांना यंत्र सुरू झाल्यावर सांगावं.

ता. क. ५. या वेळी वजन आधी काढलं आहे. लिटरला सात किलो, लोखंडापेक्षा जरा कमी. राजनंदिनीने तपासलं, मग मी जाऊन आप्पासोंनाही दाखवलं. त्यांनी सरांचे चौसष्ट किलो मनात धरून बोटांवर हिशेब केला, मान डोलावली आणि म्हणाले, “आता कळशी लागंल. हे खरं वाटतंय.”